ख्रिस्ती म्हणजे रिपब्लिकनच? हे समीकरण आलं कुठून?

भिंगारकर

मी नगरचा. घराणं ख्रिस्ती होऊन आमची चौथी पिढी. सध्या मुक्काम डॅलसच्या उत्तरेला. मी दर रविवारी चर्चला जातो एवढं कळलं की इथे माझ्या राजकारणाबद्दल कुणाला पुढचं काही विचारावंच लागत नाही. गोरा टेक्सन शेजारी खुशीत येतो, म्हणजे हा आपल्यातला. मराठी कट्ट्यावरची मंडळी जरा सावरून बसतात, म्हणजे हा 'त्यांच्यातला'. या दोन गटांचं एरवी कशावर पटत नाही, पण माझ्याबाबतीत एकमत!

मी मत कुणाला देतो हा धाग्याचा विषय नाही, विचारूही नका. बंदुका, आयकर, सीमेवरची भिंत, हवामानबदल यांवरची ठरावीक मतं प्रभू येशूवरच्या विश्वासाला एकगठ्ठा कुणी आणि कधी बांधली, हा प्रश्न आहे. शुभवर्तमानात तरी हा गठ्ठा सापडत नाही.

पुष्कळांना वाटतं की हे पूर्वापार असणार. तसं नाही. गर्भपाताचंच घ्या, आज जो कळीचा मुद्दा मानला जातो. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट पंथ. त्यांनी १९७१ साली सेंट लुइसच्या अधिवेशनात ठराव केला की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईचं शारीरिक किंवा मानसिक स्वास्थ्य अशा कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो विरुद्ध वेड निकाल आला तेव्हा त्याचं स्वागत करणाऱ्यांत डब्ल्यू. ए. क्रिसवेल होते. क्रिसवेल म्हणजे इथल्याच, डॅलसच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पाळक आणि पंथाचे माजी अध्यक्ष. कुणी लुंगासुंगा नव्हे.

मग पेटलं कशावरून? इतिहासकार रँडल बामर यांचं म्हणणं मला पटतं: शाळांवरून. सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसवायचा आदेश झाल्यावर दक्षिणेत फक्त गोऱ्यांसाठी खाजगी 'ख्रिस्ती' शाळांचं पीक आलं. बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी व्हर्जिनियात १९६७ साली काढलेल्या शाळेची बातमी स्थानिक पेपरात 'गोऱ्या विद्यार्थ्यांसाठी खाजगी शाळा' अशीच होती. १९७१ मध्ये कोर्टाने सांगितलं, वर्णभेद करणाऱ्या शाळेला करमाफी नाही. १९७६ मध्ये बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी गेली. १९७८ मध्ये आयकर खात्याने नियम आणखी आवळायचं ठरवलं आणि निषेधाची लाखावर पत्रं येऊन पडली. पॉल वायरिक हे उजव्या राजकारणाचे संघटक बरीच वर्षं या पाळकांना ढोसत होते, कधी शाळेतल्या प्रार्थनेवरून, कधी अश्लील वाङ्मयावरून, कधी गर्भपातावरून. कुणी हलत नव्हतं. शाळांच्या करमाफीवर गदा आली तेव्हा हलले, हे वायरिक यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवलंय.

१९७९ मध्ये फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी राहिली. गर्भपातावरचं त्यांचं पहिलं प्रवचन १९७८ चं, रो निकालानंतर पाच वर्षांनी. आणि हेच फॉलवेल १९६५ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग सेल्मात मोर्चे काढत होते तेव्हा, प्रवचनात सांगत होते की पाळकाने राजकारणात पडू नये, आत्मे जिंकावेत! काळ्यांच्या हक्कांचा प्रश्न असला की पाळकाने आत्मे जिंकायचे, आपल्या शाळेच्या करमाफीचा असला की निवडणूक.

त्यांनी १९८० मध्ये पाडलं कुणाला? जिमी कार्टरना. बॅप्टिस्ट, आयुष्यभर शब्बाथ शाळेत शिकवणारा माणूस. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावरही प्लेन्स गावच्या चर्चमध्ये वर्ग घेत राहिला. निवडलं कुणाला? घटस्फोटित सिनेनट रोनाल्ड रीगन. रीगन १९८० च्या ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाळकांपुढे आले आणि म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हाला देतो. टाळ्या पडल्या. गाठ तिथे बसली, असं मी समजतो.

आता आमच्या नगरची गोष्ट. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म आणला अमेरिकन मराठी मिशनने. हे लोक बॉस्टनच्या बोर्डाचे, काँग्रिगेशनल पंथाचे. १८१३ मध्ये मुंबईत उतरले, पुढे नगर हे त्यांचं मोठं ठाणं झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी काम केलं ते याच मिशनमध्ये. त्या पंथाचे आजचे वारस म्हणजे युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट. यांनी २००५ साली समलिंगी विवाहाला पाठिंब्याचा ठराव केला. ओबामांचं २००८ पर्यंतचं शिकागोतलं चर्च याच पंथाचं. म्हणजे ज्या झाडाचं कलम माझ्या पणजोबांच्या दारात लागलं, ते मूळ झाड आज टेक्सासमध्ये 'डावं' म्हणून ओळखलं जातं. आणि मला मात्र गृहीत धरतात उजव्यांत.

रसेल मूर हे सदर्न बॅप्टिस्टांचे मोठे पदाधिकारी होते, २०२१ मध्ये बाहेर पडले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अनेक पाळकांनी त्यांना एकच अनुभव सांगितला: प्रवचनात 'दुसरा गाल पुढे कर' म्हटलं की उपासनेनंतर कुणीतरी येऊन विचारतो, हे लिबरल मुद्दे कुठून उचललेत? पाळक सांगतो, बाबा रे, हे येशूचं वचन आहे, डोंगरावरचं प्रवचन. तर समोरचा ओशाळत नाही. म्हणतो, ते आता चालत नाही, ते दुबळेपणाचं आहे.

चर्चा करा. भारतीय पक्षांची नावं आणू नयेत, नाहीतर धाग्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

खडूस पेठकर

नावं आणू नका म्हणजे हात बांधून पोहायला सांगण्यासारखं आहे. असो. लेख आवडला. पु. भा. प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

ऑस्टिनकाकू

भिंगारकर, लेख मुद्देसूद आहे, पण बामर यांचा सिद्धांत तुम्ही जरा जास्तच गुळगुळीत करून मांडलात. एक तर कॅथलिकांचा गर्भपातविरोध रो निकालाच्या कितीतरी आधीचा, आणि त्या काळात त्यातले कित्येक जण डेमोक्रॅट होते. तो काही गोऱ्या शाळांच्या करमाफीतून उगवलेला नाही. दुसरं, प्रॉटेस्टंटांतही फ्रान्सिस शेफरसारख्या धर्मपंडितांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मनापासून प्रचार केला आणि लोकांचं मत खरोखर बदललं. मत उशिरा बदललं म्हणून ते खोटं ठरत नाही.

माझी शेजारीण इव्हँजेलिकल आहे, म्हणजे बायबलवचन आणि 'नवा जन्म' यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांपैकी. डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी दत्तक घेतलीय, दुसऱ्या मुलीसाठी कागदपत्रं चालू आहेत. तिला जाऊन सांगू का, की बाई, तुझी श्रद्धा १९७८ च्या आयकर नियमातून आली?

भिंगारकर

काकू, तुमच्या शेजारणीच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात शंका नाही. कॅथलिकांचा मुद्दाही बरोबर, म्हणून तर मी बॅप्टिस्टांचाच ठराव दिला. माझा रोख तिच्या मतावर नाही, त्या मताला बांधून आलेल्या बाकीच्या सामानावर आहे. गर्भातल्या जिवाबद्दल कळवळा असणाऱ्या बाईला बंदुकीचा परवाना आणि श्रीमंतांची करकपात यांचा त्याच प्रार्थनेत समावेश करावा लागतो, तो का?

बावखल

वसईहून. मी कॅथलिक, त्यामुळे थोडं तिरकं निरीक्षण.

टेक्सासने २०२५ मध्ये कायदा केला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा फलक लावायचा. आकारही ठरवून दिलाय, निदान १६ बाय २० इंच, आणि मजकूरही. तो मजकूर मी मुद्दाम वाचला. प्रॉटेस्टंट परंपरेचा आहे, जुन्या किंग जेम्स वळणाच्या इंग्रजीत. 'कोरीव मूर्ती करू नको' ही त्यात वेगळी ओळ आहे. आम्ही धर्मशिक्षणात जी यादी पाठ केली त्यात ती वेगळी आज्ञा नाहीच, पहिलीतच येते. आणि शेवटची मोडून आमच्याकडे दोन होतात, शेजाऱ्याच्या बायकोची वेगळी आणि मालमत्तेची वेगळी. ज्यूंची वाटणी आणखी तिसरी. म्हणजे सरकारने 'ख्रिस्ती धर्म' वर्गात लावला असं म्हणणंही बरोबर नाही. एका पंथाची प्रत निवडली, आणि बाकीच्या ख्रिस्त्यांनी ती आपलीच समजून टाळ्या वाजवायच्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी काही शाळा-जिल्ह्यांपुरता हा कायदा रोखला. खटला भरणाऱ्या पालकांत ज्यू होते, हिंदू होते आणि ख्रिस्तीही होते. हे शेवटचं बातम्यांत सहसा गळतं.

खडूस पेठकर

मूर्ती करू नको म्हणणारा फलक आमच्या भाच्याच्या वर्गात, आणि घरी गणपती दहा दिवस. पोराची मजा आहे.

मांडवीकाठ

गोव्याचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. पक्षांची नावं आली तर चालवून घ्या, साठ वर्षांपूर्वीची आहेत.

१६ जानेवारी १९६७, सार्वमत. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा. तेव्हाही समीकरण सोपं करून टाकलं होतं: हिंदू म्हणजे विलीनीकरणवादी, म्हणजे मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष, ख्रिस्ती म्हणजे वेगळेपणवादी, म्हणजे युनायटेड गोवन्स. निकाल काय? वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. गोव्यात तेव्हा ख्रिस्ती बहुसंख्य नव्हते, लोकसंख्येत हिंदूच जास्त होते. नुसत्या ख्रिस्ती मतांवर हा निकाल लागूच शकत नाही, भरपूर हिंदूंनी विलीनीकरणाविरुद्ध मत दिलं. तरी आजही पुण्यात 'पाद्र्यांमुळे गोवा गेला' असं ऐकवणारे भेटतात.

तसंच, पोर्तुगीज गेले याचं दुःख सगळ्या कॅथलिकांना झालं हा दुसरा लाडका समज. गोवा काँग्रेस समिती १९२८ मध्ये काढणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा चांदरचे. नावावरून ओळखा.

बावखल

मांडवीकाठ, +१. आणि मुंबईचे काका बॅप्टिस्टा राहिलेच. माझगावच्या मातारपाखाडीतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, लोकमान्यांचे स्नेही आणि वकील. १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष तेच. तिकडे रेव्हरंड टिळकही पक्के देशाभिमानी. 'ख्रिस्ती झाला म्हणजे इंग्रजांचा झाला' हे त्या काळातलं समीकरण, आणि या दोघांनी ते आपापल्या परीने मोडलं.

आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा, फादरांनी देवळात मिस्सा करावी, बिल्डरांच्या भानगडीत कशाला पडावं, असं म्हणणारे आमच्यातलेच होते. त्यामुळे धर्मगुरूने राजकारणावर बोलूच नये हेही मला पटत नाही.

सत्यशोधक मावळा

हे सगळं ठीक. पण चर्चचा खरा अजेंडा धर्मांतर आहे त्यावर कुणी बोलणार का?

खडूस पेठकर

नाही. वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.

एल्बेकाठी

हाम्बुर्गहून. इथे तर पक्षाच्या नावातच 'ख्रिस्ती' आहे. मर्केलबाई पाळकाच्या कन्या. पण त्या पक्षाला मत देणारे कितीतरी लोक नाताळाशिवाय चर्चची पायरी चढत नाहीत, आणि चर्चमधले कितीतरी जण त्या पक्षाला मत देत नाहीत. नावातला धर्म इथे बराचसा आडनावासारखा उरलाय.

मुद्दा दुसराच. फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी एकत्र निवेदन काढलं की वांशिक राष्ट्रवाद ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नाही आणि एएफडी या कट्टर उजव्या पक्षाला मत देणं ख्रिस्ती माणसाला शक्य नाही. मला ते वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण भिंगारकरांच्या मापाने मोजलं तर तेही श्रद्धा आणि मत यांची गाठच की! आवडती गाठ असली म्हणून सुटी कशी द्यायची? या देशाला १९३३ चा इतिहास आहे. तेव्हा 'जर्मन ख्रिस्ती' म्हणवणाऱ्या प्रॉटेस्टंटांनी हिटलरला उचलून धरलं, आणि १९३४ मध्ये बार्मेनला जमलेल्या थोड्या पाळकांनी त्याविरुद्ध घोषणापत्र काढलं. त्यांनी गप्प बसायला हवं होतं असं कोण म्हणेल?

भिंगारकर

एल्बेकाठी, हा प्रश्न येणार हे माहीत होतं आणि याचं चकचकीत उत्तर माझ्याकडे नाही. मला फरक दिसतो तो दिशेचा. बार्मेनवाल्यांनी वचनापासून सुरुवात केली आणि सत्तेला 'नाही' म्हटलं, त्यात त्यांना मिळण्यासारखं काही नव्हतं. इथे उलटी गंगा आहे. पक्षाची भूमिका आधी ठरते, मग वचन शोधलं जातं. 'मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतलं' हे मत्तयातलं वचन माझ्या आजीच्या तोंडी कायम असायचं. निवडणुकीच्या वर्षात इथे ते वाचायची चोरी.

प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम यांचं उदाहरण घ्या. निक्सन यांच्या इतक्या जवळ गेले की वॉटरगेटमध्ये हात पोळले. त्यानंतर १९८१ मध्ये, म्हणजे रीगन निवडून आल्या आल्या, त्यांनी मुलाखतीत बजावलं होतं की धार्मिक मूलतत्त्ववादी आणि राजकीय उजवे यांचं लग्न लागणं चिंतेचं आहे, कट्टर उजव्यांना धर्मात रस आहे तो फक्त वापरून घेण्यापुरता. कुणी ऐकलं नाही. त्यांचेच चिरंजीव फ्रँकलिन आज कुठल्या व्यासपीठावर दिसतात ते सांगायला नको.

अटलांटावाली

धाग्यात अजून काळी चर्चेस आलीच नाहीत याचं आश्चर्य वाटलं. तीही इव्हँजेलिकल म्हणावीत अशीच, तेच बायबल, तेच बाप्तिस्मे, तेच 'प्रभू आला' म्हणून रडणं. आणि मतं मात्र बहुसंख्येने डेमोक्रॅटांना. किंग यांच्या एबनेझर बॅप्टिस्ट चर्चचे आजचे पाळक रॅफेल वॉर्नॉक हे डेमोक्रॅट सिनेटर आहेत. रविवारी उपासना संपली की लोकांना थेट मतदानकेंद्रावर न्यायची इथे जुनी पद्धत आहे. तेव्हा 'ख्रिस्ती म्हणजे रिपब्लिकन' या वाक्यात 'गोरा' हा शब्द गाळलेला आहे, तो आधी परत घाला. सदर्न बॅप्टिस्ट पंथ १८४५ मध्ये वेगळा झाला तोच गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी नेमावं की नाही या भांडणातून. माफी मागायला १९९५ उजाडलं.

आता खडूसकाका विचारतील, मग काळ्या चर्चचं राजकारण चालतं का? माझं मत: ज्यांना मतदानच करू देत नव्हते त्यांनी चर्चमध्ये जमून रांग लावली, त्यांना दुसरी जागा होती कुठे? तरीही उमेदवार थेट व्यासपीठावर येऊन बोलतो तेव्हा मलाही अवघडल्यासारखं होतंच.

खडूस पेठकर

मी विचारणारच होतो. उत्तर मिळालं, आभार.

आकडेमोड

थोडे आकडे. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८० टक्के ट्रम्पकडे. हे सगळ्यांना पाठ आहे. मला त्याहून रंजक वाटला तो प्यू रिसर्च या पाहणी संस्थेचा २०२१ चा अहवाल. एकाच गटाला २०१६ आणि २०२० मध्ये विचारलं. जे गोरे लोक ट्रम्पसमर्थक होते पण २०१६ मध्ये स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवत नव्हते, त्यांच्यातले १६ टक्के २०२० पर्यंत म्हणवायला लागले. म्हणजे आधी पक्ष, मागून धर्म. भिंगारकरांच्या उलट्या गंगेला आकड्यांचा आधार.

आणि दुसरं टोक: स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे अमेरिकन २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ च्या पाहणीत ६२. सगळा दोष राजकारणाचा नक्कीच नाही. पण हाउट आणि फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्येच मांडलं होतं की 'धर्म कोणताही नाही' सांगणाऱ्यांमध्ये मोठा गट मध्यममार्गी आणि उदारमतवाद्यांचा आहे, आणि त्यांचा देवावरचा विश्वास कमी झालेला नाही. चर्चचा पक्ष आवडेनासा झालाय.

मांडवीकाठ

२०२४ मध्ये ट्रम्प यांच्या नावाने ५९.९९ डॉलरला जे बायबल विकायला काढलं होतं, त्यात अमेरिकेची राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामाही एकत्र बांधलाय. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, आणि पुढे जेफरसन! जाहीरनामा लिहिणारा तोच जेफरसन, ज्याने १८०२ मध्ये डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना पत्र लिहून धर्म आणि राज्य यांच्यातल्या भिंतीचा उल्लेख केला. तेव्हा बॅप्टिस्टांना ती भिंत हवी होती, कारण तेच अल्पसंख्य होते.

बावखल

भिंगारकर, एक शंका. चर्चला तिकडे करमाफी असते, मग पाळक उमेदवाराचं नाव घेऊ शकतो का?

भिंगारकर

कायद्याने नाही. १९५४ ची जॉन्सन दुरुस्ती आहे. पण ती पाळली जाते ती जवळजवळ शोभेपुरती. १९९२ मध्ये क्लिंटनविरोधी पानभर जाहिरात देणाऱ्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चची करमाफी गेली, तेच एक उदाहरण सगळे सांगतात. आणि जुलै २०२५ मध्ये तर आयकर खात्यानेच टेक्सासमधल्या कोर्टात लिहून दिलं की चर्चने उपासनेत आपल्याच लोकांना उमेदवाराबद्दल सांगितलं तर तो या मनाईचा भंग धरू नये.

ती बातमी आल्यावर आमच्या मंडळीत दोघा-तिघांनी पाळकांना गाठलं, आता तरी उघड बोला. पाळक आहेत सत्तरीचे, व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यांनी शांतपणे नकार दिला आणि कॉफीच्या टेबलाकडे गेले. त्यातलं एक कुटुंब आता दुसऱ्या चर्चला जातं, हायवेपलीकडे. तिथे पार्किंगमध्ये मतदारांसाठी 'मार्गदर्शक' कार्डं वाटतात, उमेदवारांची नावं आणि त्यापुढे बरोबर-चूकच्या खुणा. मी पाहिलेल्या कार्डावर गर्भपात होता, समलिंगी विवाह होता, बंदुका होत्या, मालमत्ता कर होता. गरीब, तुरुंगातले, परके यांच्यासाठी रकानाच नव्हता.

ऑस्टिनकाकू

कार्डाबद्दल पूर्ण सहमत. पण मूळ मुद्द्यावर तुम्ही मला अजून उत्तर दिलेलं नाही. गठ्ठा का, असं तुम्ही शेजारणीला विचारता. तो गठ्ठा तिने बांधलेला नाही, पक्षांनी बांधलाय. या देशात दुकानं दोनच. माझ्या माहेरी, सांगलीला, एका वॉर्डात सात-आठ उमेदवार उभे असतात, दोन अपक्ष तर आपल्याच गल्लीतले. माणूस आपलं आपलं जुळवून घेतो. इथे तिला गर्भातलं मूल एका पक्षात दिसतं आणि सीमेवरचं मूल दुसऱ्या पक्षात. सुटं मिळत नाही. मतदानाच्या दिवशी ती रांगेत उभी राहते आणि एक गठ्ठा उचलते, आणि मग चार वर्षं तुम्ही-आम्ही तिला त्या आख्ख्या गठ्ठ्याचा जाब विचारतो. सीमेवर पकडलेल्या बायकांसाठी हीच बाई दर महिन्याला डायपर आणि साबणाचे खोके भरून पाठवते. चर्चमध्ये सांगत नाही. मलाही गॅरेजमध्ये खोके दिसले म्हणून कळलं.